दमनकाची मिसल

गेल्या दिवाळीस पुण्याहून नायगावास आलेल्या भाच्याने संगणकावर 'चिकन पोलीस' नावाचा खेळ मांडला, आणि मानवी धडावर कोंबड्याचे खरेखुरे मस्तक असलेला, निवृत्तीस टेकलेला सनी फेदरलँड हा गुप्तहेर काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एका मार्जारमुखी गायिकेची उलटतपासणी घेऊ लागला, तेव्हा मला एकाएकी आजोबांच्या तपकिरीचा वास आला.

आजोबा निजामी अमदानीत मुन्सिफ अदालतीत पेशकार होते. ओसरीवर बसून ते दमनकाची गोष्ट नव्हे, दमनकाचा खटला सांगत: सिंहाच्या मनात विष कालवून त्याच्याच पंजाने संजीवक बैलाचा वध करविणारा तो कोल्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राही, बिबट्या इजहार देई, मिसल तयार होई आणि आजोबा घसा खाकरून हुकूम वाचीत. पंचतंत्रात असे काही नाहीच, म्हणून गुरुजींनी भर वर्गात माझे हसे केले. तो राग अजून उतरलेला नाही.

गुरुजींचे संस्कृत बिनचूक होते. विष्णुशर्म्याने दमनकाला बेलाशक सोडले, वर मंत्रिपदही राखू दिले, आणि याबद्दल मी त्या पंडितालाही क्षमा केलेली नाही. चौकशीचे प्रकरण आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने अरबी 'कलीला व दिमना'त घातले असे मानतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने ते फारसी 'अन्वार-ए-सुहैली'त घेतले, आणि फारसी शिकणाऱ्या कारकुनांच्या तोंडून ते आमच्या ओसरीपर्यंत आले. २०२० साली बुडापेस्टात हा कोंबडा घडविणाऱ्यांचा याच्याशी संबंध नसावा. तरी पशूंकडून जबान्या घेण्याची हौस जुनीच म्हणायची.

आजोबांचा संजीवक मात्र लाल कंधारी होता, आणि यमुनेचा काठ त्यांनी बिनदिक्कत मन्याडकाठी आणला होता. तसाच तांबडा, रुंद कपाळाचा सर्जा आमच्या गोठ्यात होता. आठवडी बाजारात वडिलांनी आणि हेड्याने रुमालाखाली बोटे धरून त्याचा सौदा केला. बैल थकला, असे वडील चारचौघांत सांगत होते. थकला होता तो ट्रॅक्टरचा हप्ता. मी शेजारीच उभा होतो, पण माझा इजहार कोण घेणार? त्या रात्री हट्ट केला तरी आजोबांनी गोष्ट संजीवकाच्या वधाशीच संपविली, थेट गुरुजींच्या पुस्तकाप्रमाणे.