बिल नसलेलं पोवळं

गेल्या महिन्यात मी घरातल्या रिकाम्या काचेच्या टाकीचा फोटो टाकला, तेव्हा निम्म्या मंडळींना वाटलं की बातम्या सोडून मी मासे विकायला लागलो. काहींनी तर नवीन धंद्याला शुभेच्छाही दिल्या. टाकी रिकामी का आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगतो. जरा मोठं आहे, सवडीने वाचा.

मुलगी आठवीत आहे. लहानपणी मी वडिलांबरोबर मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, ते किस्से तिला सांगून सांगून मीच तिच्या डोक्यात हे भरवलं. गोड्या पाण्याची टाकी आमच्याकडे सहा वर्षं आहे. या वाढदिवसाला तिने समुद्राची मागितली. त्यातही नुसते मासे नकोत, प्रवाळ पाहिजे. ज्याला रीफ टँक म्हणतात ती.

मी आधी वहीत हिशेब मांडला. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, खालच्या छोट्या टाकीतलं पाणी (सम्प म्हणतात) मिळवलं, तर एकूण पाणी दोनशे लिटर धरा. काच, दगड, लोखंडी स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं. आमचं घर जुनं, माळवदाचं, म्हणून टाकी खालच्या सोप्यातच ठेवायची हे आधी ठरलं. मिठाचं प्रमाण लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच सात किलो. हे घरातलं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असलेलं वेगळं मीठ बादलीत मिळतं. ते बरोबर मिसळलंय का हे पाहायला रिफ्रॅक्टोमीटर. घाण फेसाबरोबर बाहेर काढायला प्रोटीन स्किमर. लाटेसाठी पंखा, प्रवाळासाठी निळा-पांढरा एलईडी. आणि प्रवाळाला पाणी 25-26 अंशांचं लागतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाला येणारं पाणी चहाला निम्मं तापवलेलंच असतं, म्हणून चिलर. सगळ्यात महाग वस्तू तीच. तिची किंमत मी बायकोला अजून पूर्ण सांगितलेली नाही. हे वाचून कळेलच.

पैशांपेक्षा अवघड निघालं पाणी. प्रवाळाच्या टाकीला नळाचं पाणी चालत नाही. क्षार शून्यावर आणलेलं पाणी लागतं, म्हणजे आर.ओ. आणि त्याच्यापुढे रेझिनचं नळकांडं. माझं मशीन एक लिटर चांगलं पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकतं. दोनशे लिटरच्या टाकीसाठी सहाशे लिटर मोरीत. पुढे दर आठवड्याला वीस लिटर बदलायचं, शिवाय रोज तीनेक लिटर वाफ होऊन जातं. मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं, त्यामुळे वरून साधं शुद्ध पाणीच घालायचं. महिन्याला झालं 170 लिटर, आणि ते मिळवायला 680 लिटर ओढायचं.

आता आमच्या गावात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. गेल्या मे महिन्यात टँकरच्या रांगेवर मीच तीन बातम्या लिहिल्या, घागरी घेतलेल्या बायांचे फोटो मीच काढले. त्याच गल्लीत राहून मी दोन माशांसाठी महिन्याला 680 लिटर पाणी ओढणार? दोन रात्री हे डोक्यात होतं. शेवटी पावसाळ्याची वाट पाहिली. पत्र्यावरचं पाणी पहिले चार पाऊस सोडून पिंपात धरलं, गाळलं आणि तेच मशीनला दिलं. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, त्यामुळे रेझिनही टिकतं. मशीनचं फेकायचं पाणी संडासला आणि फरशीला. उन्हाळ्यात काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ज्यांना यावरून मला बोलायचं असेल त्यांनी बोलावं.

विजेचंही तेच. लाटेचा पंखा आणि पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू काही तासांत घसरतो. लाइट गेली तर मासे आधी जातात, प्रवाळ मागून. म्हणून चिलर आणि दिवे बाजूला ठेवून फक्त पंखा इन्व्हर्टरवर टाकला. उन्हाळ्यात चिलरसकट दिवसाला पाच युनिट तरी जातील असा अंदाज आहे.

हे सगळं जमवून मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, एका दुकानाचा हा प्रश्न नाही. पुढच्या टाक्यांत मासे. मालक बोलायला चांगला, टाकीची मापं विचारली, चुका सांगितल्या. मग म्हणाला, "दादा, कोरल पण बघणार का? आत आहे." आतल्या खोलीत निळा उजेड, ट्रेमध्ये हिरवे-जांभळे तुकडे, हाताच्या अंगठ्याएवढे. खोटं बोलत नाही, बघतच राहिलो. मुलगी तर काचेला नाक लावून उभी. भाव परवडणारा होता. मी सवयीने म्हटलं, बिल करा. तो हसला. "याचं बिल नसतं सर."

इथे मला जे माहीत होतं, ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 पासून प्रवाळ आहे. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, सागरी पंखे. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. जिवंत असो की वाळलेला तुकडा. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25 हजार. परदेशातून आणायचं तर साइटिस कराराची कागदपत्रं लागतात. 2020 साली मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात हाजी अली-वरळीच्या खडकावरच्या 18 वसाहती आड आल्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या उचलून दुसरीकडे लावल्या. गोलसर जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. ट्रेमधला अंगठ्याएवढा तुकडा कुणाच्या तरी कित्येक वर्षांची वाढ फोडून आणलेला असणार. कुठून, ते बिल नसल्यामुळे कळायची सोयच नाही.

मी त्याला म्हटलं, हे पहिल्या परिशिष्टात आहे. तो शांतपणे म्हणाला, "सगळेच ठेवतात." आम्ही परत निघालो. एसटीत मुलगी अर्धा रस्ता बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं तर मला हो का म्हणालात?" खरंय. रीफ टँक म्हणजे प्रवाळ, आणि प्रवाळाचं काय करायचं हा प्रश्न मी वहीत शेवटच्या पानावर ठेवला होता. चिलरच्या वॅटपर्यंत सगळं काढलं, हे तेवढं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शोकेसकडे बोट दाखवलं. माझ्या आजीने 1984 साली रामेश्वरहून आणलेला पांढरा, फांद्याफांद्यांचा तुकडा, शंखाशेजारी. आम्ही त्याला नुसतं "रामेश्वरचं फूल" म्हणायचो. आजीने घेतला तेव्हा तो या यादीत नव्हता. पण 2003 साली केंद्राने घरातल्या अशा वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा मी नुकताच डिप्लोमा करून दैनिकात लागलो होतो. ती बातमी टेबलवर आली असेल तर मी नक्कीच वाचली नाही. घरातलं पोवळं कायद्यात बसतं हे माझ्या गावीही नव्हतं.

मी अर्ज लिहिला आणि तुकडा घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने पिशवीत पाहिलं आणि विचारलं, "हे झाडात येतं का?" मी म्हटलं, प्राणी आहे, प्राण्यांच्या घराचा सांगाडा आहे. तो म्हणाला, "मग मत्स्य विभागात जा." तासाभराने वरिष्ठ आले, त्यांना कायदा माहीत होता, पण असा अर्ज त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. कुठल्या नोंदवहीत घ्यायचं यावर अजून अर्धा तास गेला. शेवटी अर्जावर आवकचा शिक्का मिळाला. पंचनामा नाही, तुकड्याची पावती नाही. यात त्या माणसांचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. समुद्रापासून इतक्या लांब प्रवाळ कोण आणतंय, असा समज असतो. पण शहरातल्या मागच्या खोल्यांत जे विकलं जातं ते आमच्यासारख्या गावांतच जातं. किनाऱ्यावर तपासणी होते, आमच्याकडे कोण बघतंय?

टाकीचं म्हणाल तर ती आता भरली आहे. सिमेंट-चुन्याचे बनवलेले दगड घातले, समुद्रातून काढलेले नाही घेतले. सध्या पाण्यात एकही मासा नाही. थोडं माशांचं खाद्य टाकून कुजू द्यायचं, त्यातून अमोनिया होतो. एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे बॅक्टेरिया दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. इथे घाई केली की मासे मरतात, आणि नवशिके इथेच घाई करतात. आज 23 वा दिवस. अमोनिया जवळजवळ गेला, नायट्राइट अजून गडद जांभळं दाखवतंय. मुलगी रोज कॅलेंडरवर आकडा लिहिते, म्हणजे राग निम्मा गेला असावा.

मासे ठरलेत, क्लाउनफिशची एक जोडी, हॅचरीत जन्मलेली. समुद्रातून पकडलेली नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम उभं राहिलं आहे. या माशांत सगळे आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. हे मुलीने वर्गात सांगितलं आणि बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, तो वेगळा विषय.

परवा वनखात्याच्या कार्यालयात पुन्हा गेलो होतो, पावतीचं विचारायला. आजीचं रामेश्वरचं फूल टेबलावर होतं, पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेलं. मी काही बोललो नाही. सोमवारी माहितीच्या अधिकारातला अर्ज घेऊन जाणार आहे. गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यात प्रवाळाचे किती गुन्हे नोंदले गेले आणि जमा झालेलं प्रवाळ कुठे आहे, एवढंच विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकेन.