पेन्शनची उतरंड

नोव्हेंबर लागला की जळगावच्या नवी पेठेतल्या बँकांत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रीघ लागते. कोषागाराकडून आलेली यादी टेबलावर पसरलेली असते. आपलं नाव शोधायचं, पुढे सही ठोकायची आणि ओळखीच्या चार जणांशी गुडघे, सून आणि महागाई भत्ता या तीन विषयांवर बोलून घरची वाट धरायची. त्या यादीत मीही आहे. अनुदानित महाविद्यालयात शिकवलं, जुनी पेन्शन मिळते आणि ती मी खुशाल घेतो. पुढचं सगळं हे मान्य करूनच लिहितो आहे.

दोन पावलांवर, जिन्याखाली बँकमित्राचं यंत्र असतं. तिथली रांग निराळी. श्रावणबाळचे नाहीतर संजय गांधी निराधारचे दीड हजार काढायला आलेल्या म्हाताऱ्या. जन्मभर कापूस वेचून आणि निंदणी करून बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. ‘आंगठाच लागत नही भाऊ,’ म्हणत एकेक जण बोट लुगड्याला पुसते, पोरगा ओला रुमाल पुढे करतो, यंत्र पुन्हा नाही म्हणतं. मग ‘उद्या या मावशी.’ उद्या म्हणजे एसटीचं अर्धं तिकीट आणि बुडालेला रोज. हे दीड हजारसुद्धा २०२३ पासूनचे, त्याआधी एक हजारच होते. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला तहसीलमधून आणावा लागतो. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसाला मिळणारा वाटा महिना २०० रुपये आहे आणि तो गेल्या दीड दशकात एका रुपयानेही वाढलेला नाही.

आता उतरंडीचं वरचं टोक. मुख्य सचिवाचं मूळ वेतन सव्वादोन लाख. जुन्या नियमाने त्याच्या निम्मं, म्हणजे १,१२,५०० रुपये, ही मूळ पेन्शन. त्यावर महागाई वाढ, तीही पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलेली. पेन्शनचा काही भाग सुरुवातीला विकला असेल तर पंधरा वर्षं हातात थोडं कमी पडतं इतकंच. एकदाच निवडून आलेल्या माजी आमदाराला २०१६ पासून महिना ५० हजार आहेत.

आणि या दोहोंच्या मध्ये आमचे एसटीवाले. धुळे, चोपडा, यावल, शिरपूर अशा आगारांतून जन्मभर गाड्या काढलेले चालक-वाहक सरकारी वाटतात, पण पेन्शनपुरते ते भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत मोडतात. तिथलं गणित असं: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. वेतन खरं कितीही असो, २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत ते साडेसहा हजारच धरायचं, पुढे पंधरा हजार. तीस वर्षं स्टिअरिंग धरून हाती येतात चार-साडेचार हजार. त्यावर महागाई भत्ता नाही. आज जे मिळेल तेच मरेपर्यंत.

मला आकड्यांच्या तफावतीपेक्षा ही शेवटची गोष्ट खुपते. महागाई भत्त्याचा तीन टक्क्यांचा एक हप्ता जाहीर झाला की वरच्या टोकाच्या पेन्शनीत ३,३७५ रुपयांची भर पडते. नुसती भर, तीही एका हप्त्याची, निराधार म्हाताऱ्या बाईच्या अख्ख्या महिन्याच्या रकमेच्या दुपटीहून जास्त. तूरडाळ तर दोघांना एकाच भावाने मिळते. मग महागाई फक्त एकालाच का लागते?

‘पेन्शन म्हणजे खिरापत नव्हे’ हे मला मान्य आहे. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात ते सांगितलं आणि आम्ही पेन्शनर दरवर्षी त्या तारखेला हार-नारळ करून पेन्शनर दिन साजरा करतो. दिलेला शब्द सरकारने मोडू नये. पण शब्द कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरवतो कोण? १९०६ पर्यंत अख्ख्या खानदेशाचा कलेक्टर धुळ्यात बसायचा. सेवा संपली की वर्षाला हजार पौंडांची पेन्शन घेऊन विलायतेला जायचा आणि तो खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडायचा. दादाभाई नौरोजींनी इंग्रजांच्या लुटीचा हिशेब मांडला त्यात या पेन्शनीही धरल्या होत्या. आता साहेब आपलेच आहेत आणि पैसा इथेच राहतो, हा फरक मोठाच. पण नियम लिहिणाऱ्याने आधी स्वतःची सोय बघावी, ही रीत काही बोटीत बसून गेली नाही.

१ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्याने बंद केली. तिजोरीला झेपत नाही, हे कारण. ज्यांनी त्या फायलीवर सह्या केल्या त्यांची स्वतःची शाबूत होती. पुढे मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, जळगाव-धुळ्यात कचेऱ्या ओस पडल्या आणि शाळांना टाळी लागली. सरकारने अभ्यासाला तीन जणांची समिती नेमली. तिघेही निवृत्त सनदी अधिकारी. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण पंगतीत जेवून उठलेल्यांनाच पुढच्या पंगतीचा बेत विचारावा, यातलं औचित्य कोणालाच खटकलं नाही, याचं नवल वाटतं. त्यातून निम्म्या पगाराची हमी देणारी सुधारित योजना आली. मिळाली त्यांना ती लखलाभ. एसटीवाला आणि निराधार बाई यांचा विषयच त्या टेबलावर नव्हता.

काटकसर आली की ती कुठे लागते तेही पाहावं. २०२० च्या मार्चचा पगार राज्याने हप्त्यांत दिला, तेव्हा वरच्या वर्गाचा निम्मा थांबवला आणि चतुर्थ श्रेणीचा पूर्ण दिला. ते शहाणपणाचं होतं आणि करता येतं हे तेव्हा दिसलं. आता राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलंय, तर चाळणी लागली ती लाडक्या बहिणींना: जिला निराधारचे दीड हजार मिळतात तिला लाडकी बहीण योजनेचे दीड हजार नाहीत, एकीला दोन लाभ कसे चालतील! माजी खासदाराला मात्र दुसरी कुठलीही पेन्शन आड येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. कोणाची मूळ पेन्शन कापू नका. पन्नास हजारांच्या वरच्या पेन्शनीवर महागाई वाढ टक्क्यांनी न देता ठरावीक रुपयांत द्या आणि वाचलेल्या पैशातून निराधारांच्या दीड हजाराला महागाईशी जोडा. माझे पेन्शनर मित्र यावर चिडतील, सतरा डिसेंबरच्या कार्यक्रमाला बोलावणारही नाहीत कदाचित. आणि पुढची समिती नेमाल तेव्हा तिघांतली एक खुर्ची यावल आगाराच्या एखाद्या निवृत्त वाहकाला द्या. हिशेब त्यालाही येतो. जन्मभर त्याने रोज रात्री तो पैशापर्यंत जुळवून दिला आहे.