यंत्राच्या पोटातील ठेव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांनी तीस वर्षे एक छोटी चाचणी प्रयोगशाळा चालविली. इतर कारखान्यांत तयार होणारे सर्किट बोर्ड तपासून देणे, हा त्यांचा व्यवसाय. नवे उत्पादन बाजारात येण्यापूर्वी ते अण्णांच्या टेबलावर येई. त्यामुळे कोणता कारखानदार पुढील वर्षी काय विकणार, हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याआधी अण्णांना ठाऊक असे. त्याचा उच्चार त्यांनी कधी कोणाजवळ केला नाही. ‘ग्राहकाचा माल आणि ग्राहकाची गोष्ट, दोन्ही त्याच्याच दारी परत गेली पाहिजेत,’ असे ते हाताखालच्या मुलांना सांगत.

सत्तरी जवळ आली, दृष्टी मंदावली आणि प्रयोगशाळा बंद करण्याचे ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका व्यापाऱ्याने ऑसिलोस्कोप आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर ही दोन मोठी उपकरणे घेण्याचे मान्य केले. भाव ठरला, दोन दिवसांनी टेम्पो येणार होता. अण्णांनी ऑसिलोस्कोपमधील सर्व फाइली स्वतः पुसल्या, अ‍ॅनालायझरला फॅक्टरी रीसेट दिला आणि कर्तव्य पार पडले, अशा समाधानाने ते घरी आले.

रात्री जेवताना हा विषय निघाला. त्यांची कन्या इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता. तिने विचारले, “अण्णा, पुसल्या म्हणजे नेमके काय केले?”

“डिलीट केल्या. कचरापेटीही रिकामी केली.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेली. तो ऑसिलोस्कोप आतून विंडोजवर चालणारा एक संगणकच होता. तिने त्याची हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हरवलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्राम चालविला. अर्ध्या तासात पडद्यावर नावांची रांग उभी राहिली. अण्णा शिस्तीचे, प्रत्येक मोजमापाला त्यांनी ग्राहकाचे नाव आणि तारीख दिलेली. त्या रांगेत त्यांच्या पहिल्या ग्राहकाचेही नाव होते. ते गृहस्थ आता हयात नव्हते, कारखाना त्यांचा मुलगा चालवीत होता. पहिल्या कामाच्या वेळी त्यांनी गुप्ततेचा लेखी करार मागितला नव्हता. अण्णांचा शब्द त्यांना पुरेसा वाटला होता. अण्णा बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले.

फाइल डिलीट करणे म्हणजे खतावणीच्या आरंभीची अनुक्रमणिका फाडून टाकण्यासारखे आहे. आतील पाने जागच्या जागी राहतात. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर वाचता येतो. 2003 मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या 158 हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 129 चालू होत्या आणि नीट पुसलेल्या केवळ 12 निघाल्या. एक डिस्क तर एटीएम यंत्रातील असावी. तिच्यावर खात्यांचे क्रमांक तसेच होते. विकणाऱ्यांत लबाड कोणी नसावा. बहुतेकांनी अण्णांप्रमाणेच सद्हेतूने काहीतरी पुसले असेल आणि ते पुसले गेले, असे मानले असेल.

चाचणी उपकरणांत हा धोका अधिक, कारण त्यांना कोणी संगणक समजत नाही. त्यांच्या पोटात अनेक प्रकारची स्मृती असते. एक वीज जाताच रिकामी होते. तिची चिंता नको. दुसरी आतल्या लहान बॅटरीवर वर्षानुवर्षे टिकते. तिसरी फ्लॅश, तिला बॅटरीही लागत नाही. शिवाय काही यंत्रांत हार्ड डिस्क असते. साठविलेल्या आलेखांइतकीच साठविलेली मांडणीही बोलकी असते. कोणत्या वारंवारतेवर आणि कोणत्या मर्यादेत मोजमाप घेतले, एवढ्यावरून जाणकाराला उत्पादनाचा अंदाज येतो. अनेक यंत्रांत फॅक्टरी रीसेट केवळ चालू मांडणी पूर्ववत करतो. साठविलेल्या नोंदींना तो हात लावीलच, असे नाही.

मात्र सरसकट सर्व पुसणेही घातक. कारखान्यात भरलेले कॅलिब्रेशनचे आकडे त्याच यंत्रात असतात. ते गेले, तर पडद्यावर रेषा दिसेल, पण तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. म्हणूनच टेकट्रॉनिक्ससारखे उत्पादक आपल्या यंत्रांसाठी एक स्वतंत्र पत्रक देतात. कोणती स्मृती कोठे आहे, तिच्यात काय राहते आणि ती कशी पुसावी, हे त्यात लिहिलेले असते. ‘टेकसिक्योर’ नावाची त्यांची सोय साठविलेल्या आलेखांच्या जागी शून्ये भरते, जुन्या मांडण्या घालविते आणि काम पुरे झाले की नाही, तेही तपासून सांगते.

बापलेकीने दोन्ही यंत्रांची पत्रके शोधून काढली. अ‍ॅनालायझरचे काम सोपे निघाले. मेनूत खोलवर सुरक्षित पुसण्याची सोय होती; ती वापरल्यावर सर्व नोंदी रिकाम्या दिसल्या आणि कॅलिब्रेशन शाबूत राहिले. ऑसिलोस्कोपने मात्र परीक्षा पाहिली. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली, की अशा चुंबकीय डिस्कवरील जुना मजकूर सामान्य साधनांनी परत मिळत नाही. पण ही डिस्क वृद्ध झालेली. तिचे काही भाग खराब झाले होते आणि तेथे लेखन पोहोचेना. ज्या जागी लिहिता येत नाही, तेथे जुने काय उरले आहे, हे कोण सांगणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2006 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: वरवर पुसणे, खोलवर पुसणे आणि नष्ट करणे. येथे तिसरीच उरली होती.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “अण्णासाहेब, डिस्कशिवाय ते यंत्र म्हणजे नुसता खोका. असेच द्या. तुमच्या जुन्या फाइली कोण बघत बसणार आहे? नाहीतर निम्मीच रक्कम मिळेल.”

ती रक्कम लहान नव्हती. निवृत्तीच्या हिशेबात अण्णांनी ती धरलेली होती. कन्येने त्यांच्याकडे पाहिले; निर्णय त्यांचा होता. अण्णा म्हणाले, “निम्मी चालेल. टेम्पो पाठवा.”

फोन ठेवून त्यांनी डिस्क शिकंज्यात धरली आणि ड्रिलने तिच्या तबकड्यांना आरपार भोके पाडली. नंतर जुनी वही काढून तिच्यात दोन्ही यंत्रांचे क्रमांक, कोणती स्मृती कशी पुसली आणि तारीख, असे सर्व लिहिले. खाली स्वतः सही केली आणि साक्षीदार म्हणून कन्येची घेतली. पहिल्या ग्राहकाच्या मुलालाही त्यांनी चार ओळींचे पत्र पाठविले: आपल्या वडिलांची मोजमापे आजपर्यंत माझ्याकडे होती, आज ती नष्ट केली.

घराघरांतील जुने मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि कार्यालयांतील झेरॉक्स यंत्रेही एक दिवस दुसऱ्याच्या हाती जातात. त्यांत आपल्याबरोबर इतरांचीही ठेव असते: नातलगांची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांची खाती, ग्राहकांची कागदपत्रे. वस्तू विकण्याचा अधिकार आपला आहे. ती ठेव विकण्याचा नाही. देण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यासाठी काढावी, उत्पादकाने सांगितलेली रीत वाचावी आणि शंका उरली, तर स्मृतीचा तो भाग स्वतःकडे ठेवावा किंवा नष्ट करावा.

टेम्पो आला, यंत्रे गेली. रिकाम्या टेबलावर भोके पडलेली डिस्क तेवढी राहिली होती. ती ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकून अण्णांनी प्रयोगशाळेला कुलूप लावले.