अकरावा तास

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आमच्या घरच्या सायंप्रार्थनेत मी प्रथम ऐकला तो १९७२ च्या दुष्काळात. आणि पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना व अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळण्याच्या बेतात असताना, कामास लागलेल्यांना सारखीच मजुरी देणारा तो धनी माझ्या बालबुद्धीला सरळसरळ अन्यायी वाटला. वडील अहमदनगर जिल्ह्यातील एका दुष्काळी कामावर हजेरीपटाचे कारकून होते. तेथे फोडलेल्या खडीचे जेवढे माप तेवढी मजुरी हा दंडक होता, आणि तो रास्तच होता. परंतु त्याच माळावर लेकरांच्या ओंजळीत खायला सुकडी पडे, ती मात्र कोणाच्याही खडीचे माप न विचारता.

त्या धन्याचा आणि या सुकडीचा संबंध पुढे, सरकारी नोकरीत खतावण्या भरता भरता, माझ्या ध्यानी आला. रोमी दिनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे त्याच्या घरची एका दिवसाची भाकर. आणि जो तासभरच राबला, त्याच्या मुलांची भूक काही दिनाराच्या बाराव्या हिश्श्यात भागत नाही. धन्याने श्रम मोजले नाहीत, गरज पाहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. त्या औदार्याचे मूळ मला याच मळ्यात दिसते.

तथापि श्रम न मोजणाऱ्या देवाच्या या प्रीतीचे नित्य स्मरण ठेवावे म्हटले, की ते स्मरणच एक नवी मजुरी होऊन बसण्याचा संभव असतो, हे मला आईच्या अखेरच्या वर्षांनी शिकविले. जिने जन्मभर पहाटे उठून प्रार्थना केली, तिला प्रभूच्या प्रार्थनेचे शब्द आठवेनासे झाले, पुढे पुढे आम्हीही आठवेनासे झालो. पण म्हणून देवाच्या दप्तरी तिची बाकी निघाली असेल, असे तिच्या उशाशी बसून मला क्षणभरही वाटले नाही. प्रीतीचे स्मरण आपल्याला राहिले नाही, तरी प्रीती करणाऱ्याला आपले राहते.

तेव्हापासून माझी प्रातःप्रार्थना पुष्कळ साधी झाली आहे. एखाद्या दिवशी ती राहून जाते. त्या दिवसाची मजुरी कापली जात नाही, आणि या भरवशावरच दुसऱ्या दिवशी पहाटे उठावेसे वाटते.