स्टेनलेस आहे ना, मग गंजतं कसं?

पुंडलिकनगरहून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. तरी माझ्या कपाटात डायव्हिंगचा एक चाकू आहे, तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबाचा कोर्स केला तेव्हापासून. "शार्क मारणार का?" हा मित्रांचा ठरलेला प्रश्न! नाही हो. पाण्याखाली तुटक्या जाळ्यात पाय अडकला तर दोरा कापायला. आणि नेमका तेव्हाच तो गंजून म्यानात रुतून बसला तर? टाकीत हवा मोजकीच असते.

"अरे, पण स्टेनलेस आहे ना?" आहे की. स्टेनलेसला सांभाळतो तो क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा थर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. त्यातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. बरं, धार टिकायला पोलादात कार्बन हवा, आणि कार्बन थोडं क्रोमियम अडकवून ठेवतो. म्हणजे धार हवी तर गंजाची भीती आलीच. ३१६ ग्रेडचं स्टील खाऱ्या पाण्यात जास्त तगतं, पण धार धरत नाही. टायटॅनियम गंजत नाही, पण महाग.

मग उपाय? आजीच्या विळीचाच! धुवा, पुसा, हात फिरवा. चाकू आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्यात भिजवा (आमच्या नळाला वर्षानुवर्षं रोज पाणी नसायचं, पण अर्धी बादली पुरते). मूठ सुटत असेल तर काढून आतलं मीठ धुवा. पूर्ण वाळलं की पात्याला सिलिकॉन ग्रीस. ओल्या म्यानात मात्र ठेवू नका; फुटलेला थर पुन्हा धरायला ऑक्सिजन लागतो, आणि तिथे तोच पोचत नाही.

डाइव्ह वर्षातून एकदा, पण चाकू मी दर महिन्याला म्यानातून ओढून बघतो. सहज निघाला पाहिजे, बस्स.