तांब्याची नळी

भाचीचा लॅपटॉप उघडला तेव्हा आतून कापूस निघाला.

तपकीर गल्लीत एक अरुंद जिना चढून गेलं की दुरुस्तीचं दुकान लागतं, जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढं. दुकानदाराने पाठीचे स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत टाकले, नखाने कडेकडेने झाकण सोडवलं आणि यंत्र आमच्यापुढे उताणं ठेवलं. गरम हवा ज्या जाळीतून बाहेर पडायची, तिच्या आतल्या अंगाला एक करडी पट्टी बसली होती. चिमट्याने धरून ओढली तर अख्खी निघाली, नमद्यासारखी दाट आणि करंगळीएवढी लांब.

"ताई, ही अंथरुणावर ठेवून काम करते ना?" त्याने मला विचारलं. भाचीने मान हलवली. गोधडीचं सूत होतं ते. कर्वेनगरच्या खोलीत टेबल मावत नाही. मांडीवर गोधडी आणि गोधडीवर लॅपटॉप, असा दोन वर्षं तिने डिझाइनचा अभ्यास केला होता. यंत्राने तेवढा काळ श्वास कोंडून काम केलं, आणि शेवटी त्रिमितीतलं एक साधं दृश्य रेंडर करताना ते वारंवार बंद पडायला लागलं.

पट्टी निघाली आणि तिच्यामागचं तांबं दिसलं. प्रोसेसरवरून निघून पंख्यापर्यंत गेलेली, बोटभर रुंद, चपटी केलेली नळी. पुण्यात वाढलेल्या माणसाला तांबं असं अचानक दिसलं की कानात ठोके वाजतात. कसब्यातल्या तांबट आळीतून शाळेला जाताना ते लहानपणभर ऐकलेत. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत मठारत जायचं, म्हणजे पत्रा कडक होतो आणि चकाकतोही. तिथला बंब आमच्या घरी तीन पिढ्या टिकला. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. या नळीत नेमकं उलटं आहे. विस्तव बाहेर, प्रोसेसरचा, आणि पाणी आत, अगदी थेंबभर. आतली हवा काढून घेतल्यामुळे ते कमी उष्णतेवरच उकळतं, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या बारीक खरबरीत अस्तरातून ते झिरपत माघारी येतं. अखंड चाललेली ही येरझार कोणाला दिसत नाही. मला त्या क्षणी ती फार सुंदर वाटली.

भाचीला आता नवा लॅपटॉप घ्यायचाच होता. डिझाइनच्या कामाला ताकदवान लॅपटॉप घ्यायचा म्हणजे सगळे प्रोसेसरचं नाव आणि ग्राफिक्स कार्डाचा आकडा विचारतात. पण ताकद या नळीवर अवलंबून असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपणहून कमी करतो. दुकानात दहा मिनिटं पळवलेलं यंत्र सगळ्यांनाच वेगवान दिसतं. तिसऱ्या तासाला, एप्रिलच्या दुपारी, पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना ते काय करतं, ते खरं. आकड्यांचंही तसंच. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॉटच्या चिपलाही असतं आणि ११५ वॉटच्याही. नाव सारखं, काम मात्र खूपच वेगळं. किती वॉट, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टिकाऊपणाची गोष्ट दुकानदाराने आम्हाला न विचारताच दाखवली. त्याच्या कपाटात तुटक्या बिजागऱ्यांचा डबा होता. एक उचलून त्याने तळहातावर ठेवली. बिजागरी स्वतः धडधाकट, लोखंडी, घट्ट. तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट मात्र प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले. झाकण हजारदा उघडलं-मिटलं की खुंटी तडकते आणि नट मुळासकट उपटून येतो. त्या बिजागरीला तीन नट तसेच लटकत होते, हिरड्यांसकट आलेल्या दातांसारखे. यंत्राच्या जाहिरातीत लष्करी चाचण्यांचा उल्लेख असतो, एमआयएल-एसटीडी-८१० असा. त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे बनवणाराच ठरवतो. म्हणून मी भाचीला सांगितलं, झाकण एका कोपऱ्याला धरून उघड. पिरगळल्यासारखं वाटलं, कुरकुर ऐकू आली, तर दुसरं बघ.

आणि उघडता यायला हवं. मेमरीला डाख देऊन ती बोर्डावरच कायमची बसवली असेल, तर पहिल्या दिवशी घेतलेली १६ जीबी शेवटपर्यंत तेवढीच राहते. कामं दरवर्षी जड होत जातात. बॅटरी स्क्रूने बसवलेली असावी, डिंकाने नव्हे. पंखा कोणालाही साफ करता यावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण तो हक्क मला खरा भेटला तो या जिन्यावरच्या दुकानात, चुंबकाच्या वाटीपाशी.

राहिला पडदा, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. पहिल्या लॅपटॉपवर एकदा कुंकवाचा लाल काही केल्या उमटेना, विटकरीच दिसे. मी तो वाढवत नेला. छापील प्रत हातात आली तेव्हा तो लाल डोळ्यांवर धावून आला. माझ्या पडद्याला कुंकू दाखवताच येत नव्हतं. स्वस्त पडद्यांवर बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबी या रोजच्या रंगमापातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग. उरलेले त्या खिडकीतून दिसतच नाहीत. शंभर टक्के एसआरजीबी ही डिझाइनच्या कामाची पहिली पायरी, आणि व्हिडिओचं काम असेल तर डीसीआय-पी३ हे रंगमाप बघावं. डाख दिलेला नसेल तर मेमरी पुढे वाढवता येते, पडदा जन्माचा असतो.

याच शहरात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना उभा राहिला. तिथे शिळेवरून चित्रं छापत. शिळाछापाच्या रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, आणि कागद दर वेळी केसाचाही फरक न होता तिथल्या तिथे बसवावा लागतो. काम झालं की वाळूने घासून चित्र पुसायचं, की त्याच शिळेवर नवं चित्र काढायला जागा तयार. दगड झिजत पातळ होई, पण पिढीभर साथ देई. कलेच्या कामाचं अवजार म्हटलं की मला ती शिळा आठवते.

शेवटी आम्ही घेतलेला नवा लॅपटॉप सव्वादोन किलोंचा आहे. मेमरीच्या दोन खाचांपैकी एक अजून रिकामी आहे. भाची म्हणाली, "मावशी, जड आहे गं." मी तिला आईचा जुना सागवानी पाट दिला, गोधडीऐवजी.

परवा रात्री तिने पाच तासांचं रेंडर लावलं तेव्हा मी तिच्या खोलीवरच होते. बाहेर पावसाची संततधार. पंख्याचा घुमारा एका सुरात चालला होता आणि मला त्याच आवाजात झोप लागली. पहाटे केव्हातरी तो उतरत उतरत थांबला. अंधारात उठून भाची जाळीपाशी तळहात धरून बसली होती.

"कोमटच आहे," ती कुजबुजली, आणि मग दिवा लावला.