काळ्या पट्टीची बाजू

लग्नाच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून द्यायचं काम मी अजूनही करतो. येणाऱ्याच्या मागण्या दोनच असतात: चित्र स्वच्छ दिसावं आणि टीव्ही पूर्ण भरावा. पहिलीसाठी जमेल ते करतो. दुसरीवर वाद होतो. कॅसेटवरचं चित्र ४:३ आकाराचं, भिंतीवरचा टीव्ही १६:९. म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. ‘एवढ्या मोठ्या टीव्हीचे पैसे मोजले ते पट्ट्या बघायला का?’ हा प्रश्न ठरलेला.

पट्ट्या घालवायच्या वाटा दोन. एक, चित्र आडवं ताणायचं. मग रुंदी एक तृतीयांशाने वाढते. किडकिडीत नवरी भरल्या अंगाची होते आणि उंचपुरे मामा बुटके दिसायला लागतात. दुसरी वाट, चित्र मोठं करून वरखाली कापायचं. यात उंचीचा चौथा हिस्सा जातो. वरून कापलं तर मुंडावळ्या जातात, खालून कापलं तर हात. आणि लग्नात सगळं घडतं ते हातांतच.

नवीन मुलं कामाला आली की त्यांचा गोंधळ उडतो तो आकड्यांवर. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीची पूर्ण चौकट ७२० बाय ५७६ पिक्सेलची. भागाकार येतो १.२५. पण ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८. दोन्हींशी मेळ नाही, कारण इथला पिक्सेल चौरस नसतोच. १९८२ साली आंतरराष्ट्रीय समितीने डिजिटल व्हिडिओसाठी ६०१ क्रमांकाची शिफारस केली, तेव्हा अमेरिकेच्या ५२५ रेषा आणि युरोपच्या ६२५ रेषा या दोन्ही पद्धतींना एकच मोजमाप लावलं: साडेतेरा मेगाहर्ट्‌झ, प्रत्येक रेषेत ७२० नमुने. उंची वेगळी आणि रुंदीचा आकडा एकच ठेवल्यावर पिक्सेलचा आकार बिघडणारच. दूरदर्शन आपल्याकडे रंगीत झालं तेही त्याच वर्षी, पाल पद्धतीने.

म्हणून डीव्हीडीत ४:३ असो की १६:९, साठवलेले पिक्सेल तेवढेच. किती आडवं पसरून दाखवायचं हे सांगते फाइलमधली एक खूण, आम्ही तिला फ्लॅग म्हणतो. ४:३चा फ्लॅग असेल तर पिक्सेल जेमतेम रुंद होतो, १६:९चा असेल तर जवळजवळ दीडपट. मोबाइलवर काढलेला १९२० बाय १०८०चा व्हिडिओ या चौकटीत बसवला की संगणकाच्या खिडकीत माणसं लांबोडकी दिसतात. मुलं घाबरतात, ‘दुरुस्त’ करायला धावतात. मी त्यांना थांबवतो. टेबलावर ते चित्र लांबोडकंच दिसायला हवं. तिथे सुरेख दिसलं तर टीव्हीवर पसरट होणार.

पडताळायला मी कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ शोधतो. मुहूर्तासाठी कॅमेरा एकदा तरी त्याच्यावर जातोच. ताट चालत नाही, ते तिरकं दिसतं. घड्याळ समोरून दिसतं. टीव्हीच्या काचेवर पट्टी लावून आडवं-उभं माप घ्यायचं. दोन्ही सारखं आलं की फ्लॅग बरोबर.

पट्ट्या कोणी घालायच्या, हे मात्र दर वेळी ठरवावं लागतं. कॅसेटचं चित्र ४:३च ठेवून फ्लॅग तसाच दिला, तर पट्ट्या टीव्ही घालतो आणि चित्राला सगळे ७२० स्तंभ मिळतात. त्याच पट्ट्या मी १६:९च्या चौकटीत भरल्या तर चित्राला उरतात ५४०. बाकीचे १८० काळ्या रंगावर वाया. सिनेमास्कोपच्या २.३५ आकारासाठी फ्लॅगच नाही, तिथे पट्ट्या भराव्याच लागतात. १६:९मध्ये बसवलं तर ५७६पैकी ४३६ रेषांवर चित्र राहतं. ४:३मध्ये बसवलं तर सुमारे ३२७. एका फ्लॅगपायी शंभरावर रेषा जातात. मोबाइल उभा धरून काढलेल्या चित्राला १६:९मध्ये ७२०पैकी २२८ स्तंभच मिळतात. बाजूची रिकामी जागा हल्ली त्याच चित्राच्या धूसर सावलीने भरतात. मला ती सावली खपत नाही. नजर मधल्या माणसावर ठरत नाही.

१९३६चा ‘संत तुकाराम’ आणि १९५९चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘कागज के फूल’ आजच्या टीव्हीवर लावून पाहावेत. एकाच्या कडेला पट्ट्या येतात, दुसऱ्याच्या वरखाली. टीव्ही दोघांपैकी कोणीच भरत नाही, कारण हा टीव्ही समोर ठेवून कोणी कॅमेरा लावला नव्हता. लग्नाच्या शूटिंगवाल्यानेही समोर ४:३चीच चौकट धरली होती. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, हे त्याने त्या गर्दीत उभं राहून ठरवलं. ते मी दुकानात बसून बदलणं बरं नाही.

गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो: ताणायचं बटण रिमोटवर आहे. घरी दाबा, नाही आवडलं तर परत दाबा. डिस्कवर मी कापून दिलेलं मात्र कुठल्याच बटणाने परत येत नाही. बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांना मूळ आकाराची एक डिस्क मी सोबत देतो, तिचे पैसे लावत नाही.